रिकाम्या जहाजांचे गणित (लेखांक ५)

मागील लेखांकात रेषीय प्रायोजनाची, म्हणजे लिनिअर प्रोग्रॅमिंगची, सर्वसाधारण मांडणी पाहिली. वाहतुकीचा प्रश्न हे तिचे सर्वांत देखणे रूप असून, पुरवठ्याच्या कोणत्या ठिकाणाहून मागणीच्या कोणत्या ठिकाणी किती माल धाडला असता एकूण खर्च किमान होईल, हे त्यात ठरवावयाचे असते. फ्रँक हिचकॉक यांनी १९४१ मध्ये तो नेमकेपणाने मांडला. दुसऱ्या महायुद्धात वॉशिंग्टन येथील ब्रिटिश मर्चंट शिपिंग मिशनमध्ये संख्याशास्त्रज्ञ म्हणून काम करणारे चालिंग कूपमन्स त्याकडे वळले ते जहाजांमुळे. माल उतरवून मोकळी झालेली जहाजे पुढील माल भरण्याच्या बंदरापर्यंत रिकामीच न्यावी लागत, आणि जहाजांची चणचण असताना हा निष्फळ प्रवास कमी करणे निकडीचे होते.

समजा, अ बंदरात १२ आणि ब बंदरात ८ जहाजे मोकळी आहेत, तर क आणि ड या बंदरांना प्रत्येकी १० हवी आहेत. अ-पासून क ४ दिवसांवर व ड ७ दिवसांवर आहे; ब-पासून हीच अंतरे ६ आणि १४ दिवसांची आहेत. सर्वांत जवळचा मार्ग आधी भरावा, या व्यवहारी वाटणाऱ्या नियमाने अ-मधील १० जहाजे क-कडे व उरलेली २ ड-कडे जातात, परिणामी ब-मधील आठही जहाजांच्या वाट्याला १४ दिवसांचा मार्ग येतो आणि एकूण १६६ जहाज-दिवस खर्ची पडतात. याउलट ब-मधील आठही जहाजे क-कडे, आणि अ-मधील १० ड-कडे व २ क-कडे पाठविल्यास १२६ जहाज-दिवसांत काम भागते. एकेक मार्ग स्वतंत्रपणे स्वस्त निवडल्याने सारी व्यवस्था स्वस्त होत नाही, ती अशी.

१२६ हीच किमान संख्या आहे, हे सर्व पर्याय न तपासताही सिद्ध करता येते. त्यासाठी अ-ला ०, ब-ला २, क-ला ४ आणि ड-ला ७ असे अंक द्यावेत; वापरात असलेल्या प्रत्येक मार्गाच्या दोन टोकांची बेरीज त्या मार्गाच्या दिवसांइतकीच भरते, पण न वापरलेल्या ब-ड मार्गावर ती ९ होते आणि प्रवास मात्र १४ दिवसांचा असतो, म्हणजे त्या मार्गाने जाणारे प्रत्येक जहाज ५ दिवस वाया घालवते. या अंकांना छाया-किमती म्हणतात. एखादे जहाज अ-ऐवजी ब-मध्ये मोकळे झाले, तर खर्च २ दिवसांनी वाढेल, हेही त्या सांगतात. त्यामुळे केवळ वेळापत्रकापेक्षा त्यांचे मोल अधिक मानावे लागते.

सोव्हिएत संघात लिओनिद कांतोरोविच स्वतंत्रपणे अशाच मूल्यांपर्यंत पोहोचले होते, परंतु वस्तूचे मूल्य श्रमातूनच ठरते असे मानणाऱ्या अधिकृत अर्थशास्त्राला ती रुचणे अवघड होते. १९७५ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना व कूपमन्स यांना विभागून मिळाले. १९४७ मध्ये सिंप्लेक्स पद्धत देणारे जॉर्ज डान्टझिग मात्र वगळले गेले, आणि ही निवड आजही खटकते. पुरवठा व मागणी यांची बेरीज जुळत नसेल तेव्हा एक काल्पनिक ठिकाण धरून मार्ग कसा काढतात, ते पुढील लेखांकात पाहावयाचे आहे.