कोर्टातले बाबासाहेब, वर्गातले बाबासाहेब

वरठीहून मी पुन्हा तुमच्यासोबत. ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा लिहून देतोय.

आपल्या वरठीच्या स्टेशनचं नाव 'भंडारा रोड'. याच भंडाऱ्यातून बाबासाहेब आंबेडकरांनी 1954 ची लोकसभा पोटनिवडणूक लढवली आणि ते हरले. पण आज बोलूया त्यांच्या त्याआधीच्या करिअरबद्दल. 1923 मध्ये त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली, 1928 मध्ये सरकारी लॉ कॉलेजात शिकवायला लागले आणि 1935 मध्ये तिथेच प्राचार्य झाले.

त्यांच्या दोन फौजदारी केसेस बघा.

पहिली 1926 ची, पुण्यातली. दिनकरराव जवळकरांच्या 'देशाचे दुश्मन' पुस्तकात टिळक-चिपळूणकरांवर सडकून टीका होती. बदनामीचा खटला झाला, शिक्षाही झाली. अपिलात बाबासाहेब उभे राहिले. आता गंमत ऐका. मृत माणसाचीही बदनामी होऊ शकते, पण कलमात शब्द आहेत 'कुटुंबीय किंवा जवळचे नातेवाईक'. आणि तक्रारदार तर चिपळूणकरांचा लांबचा नातेवाईक! बाबासाहेबांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. आरोपी सुटले.

दुसरी 1934 ची. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं द्यायचे. त्यावरून अश्लीलतेचा खटला. बाबासाहेबांचं म्हणणं सरळ होतं: लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील होत नाही, वाचक विचारत असतील तर उत्तर का द्यायचं नाही? ही केस ते हरले. पण आज तो युक्तिवाद वाचला की पटतो ना?

म्हणजे एक केस कलमातल्या एका शब्दावर जिंकली. दुसरी हरली, तरी तिच्यातला प्रश्न अजून जिवंत आहे. फौजदारी कायदा शिकताना दोन्ही लागतं.

ज्यांना हेच करिअर करायचंय त्यांच्यासाठी: आज फुलटाइम प्राध्यापक झालात, तर सोबत वकिली करता येत नाही. वकील राहून शिकवायचं असेल, तर दिवसाला जास्तीत जास्त तीन तास.

आणि बाकीच्यांनो, ही कलमं गेलेली नाहीत हं. भारतीय न्याय संहितेत बदनामी 356 मध्ये आहे, अश्लील साहित्य 294 मध्ये. तुमच्या फोनमधल्या पोस्टलाही ती लागू होतात. तेव्हा कुणी 'केस टाकतो' म्हणून दम दिला, तर घाबरण्याआधी कलम उघडा आणि शब्द न् शब्द वाचा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!