विश्लेषण : होडीचा पलंग, साखळीची खाट... सुट्टीतला ‘थीम’ फ्लॅट घेताना नेमके काय पाहावे?

शिर्डीचे दर्शन, शनिशिंगणापूर आणि परतीच्या वाटेवर भंडारदरा हा मुंबई-पुण्याच्या कुटुंबांचा ठरलेला बेत. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, शिर्डीचे विमानतळ तर २०१७ पासूनच सुरू आहे. येणे सोपे झाले, तशी मुक्कामाची निवडही मोबाइलवर आली. हॉटेलपेक्षा अख्खा फ्लॅट स्वस्त पडतो, शिवाय स्वयंपाकघर मिळते. त्यातच आता शहरोशहरी ‘थीम’ फ्लॅटची भर पडली आहे. मोटारीच्या आकाराचा पलंग, होडीसारखी खाट, छताला साखळ्यांनी टांगलेला बिछाना, भिंतीत कोरल्यासारखे एकावर एक कप्पे! मुले फोटो पाहताच हट्ट धरतात. पण रांगेतून दमून आलेल्या सत्तरीच्या आजीने रात्री त्यातल्या कोणत्या पलंगावर चढायचे, याचे उत्तर फोटोत नसते.

ही कल्पना नवी आहे का?

अजिबात नाही. इंग्लंडमधील वेअर या गावच्या खानावळीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस सुमारे तीन मीटर रुंदीचा एक अवाढव्य पलंग होता. तो प्रवाशांना आकर्षित करण्यासाठीच घडवला असावा, असे अभ्यासक मानतात. त्याची कीर्ती इतकी होती, की शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्थ नाइट’ नाटकातही त्याचा उल्लेख आला. आज तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. म्हणजे पलंगाची जाहिरात करून गिऱ्हाईक ओढण्याची युक्ती किमान चारशे वर्षे जुनी.

दुसरे टोक जपानचे. ओसाका शहरात १९७९ मध्ये पहिले कॅप्सूल हॉटेल उघडले. एक माणूस आडवा होईल एवढाच कप्पा, बाकी सारे सामायिक. मुंबई सेंट्रल स्थानकात नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालेले ४८ कप्प्यांचे ‘पॉड हॉटेल’ त्याच जातीचे. तिथे हौस कमी आणि जागेची टंचाई जास्त.

अहिल्यानगर जिल्ह्याशी याचा काय संबंध?

जगावेगळ्या बिछान्यांच्या दोन गोष्टी याच जिल्ह्यातल्या आहेत, आणि दोन्ही पर्यटनासाठी घडलेल्या नाहीत. साईबाबांच्या चरित्रात एका फळीची हकिगत येते. नानासाहेब डेंगळे यांनी बाबांना झोपण्यासाठी चार हात लांब आणि जेमतेम वीतभर रुंद फळी आणून दिली. बाबांनी ती जमिनीवर न टाकता जुन्या चिंध्यांनी मशिदीच्या आढ्याला झोपाळ्यासारखी टांगली आणि तिच्यावर झोपू लागले. रात्री फळीवर पणत्या तेवत असत. एवढ्याशा चिंध्यांनी फळीचेच ओझे कसे पेलले, बाबा वर चढतात-उतरतात कसे, हे पाहायला लोकांची गर्दी होऊ लागली. शेवटी त्या गर्दीला कंटाळून बाबांनी फळी मोडून फेकून दिली. शिर्डीच्या मंदिराचा दिवस आजही शेजारतीने संपतो. ‘शेज’ म्हणजे बिछानाच.

दुसरी गोष्ट अरणगावजवळच्या मेहेराबादची. तिथे १९२० च्या दशकात मेहेरबाबांसाठी केलेले एक मोठे टेबल आहे. दिवसा त्यावर बसायचे. पुढे त्याच्या बाजू बंद करून खाली कोठडी झाली आणि मेहेरबाबा काही काळ रात्री तिच्यात राहत. ते आजही पाहता येते.

मालक असे पलंग का बसवतात?

पहिले कारण फोटो. ॲपवर एकाच गावच्या शंभर खोल्या सारख्याच दिसतात : पांढरी चादर, दोन उशा, भिंतीवर टीव्ही. त्यात होडीचा पलंग दिसला की बोट थांबते. दुसरे कारण गणिताचे आहे आणि तेच अधिक महत्त्वाचे. वन-बीएचकेमध्ये एक डबल बेड आणि एक सोफा-कम-बेड टाकला तर चार माणसे. भिंतीला दुमजली कप्पे लावले, तर तीच जागा सहा-आठ जणांची होते आणि भाडे त्या हिशेबाने लागते. ‘थीम’ या शब्दामागे बऱ्याचदा माणसे दाटीने बसवण्याची सोय असते, हे ग्राहकाने ओळखायला हवे. ‘आठ जणांसाठी’ असे लिहिले असेल, तर आठ पलंग आहेत की चार पलंग आणि चार गाद्या, हे आधी विचारावे. स्नानगृह किती, हाही तितकाच मोठा प्रश्न. पहाटे काकड आरतीला निघायचे असेल, तर आठ जणांत एक स्नानगृह म्हणजे तीनला उठणे.

सुरक्षिततेचे काय?

दुमजली पलंगाबाबत अमेरिका आणि युरोपातील मानके स्पष्ट आहेत : सहा वर्षांखालील मुलाला वरच्या पलंगावर झोपवू नये. वर कठडा हवाच, आणि तो गादीच्या वर पुरेसा उंच हवा. जाड गादी टाकली की कठडा नावापुरता उरतो. फोटोत हे लगेच दिसते. शिडी उभी आणि गोल नळीची असेल, तर अंधारात अनवाणी उतरताना पाय घसरतो. वरच्या कप्प्याशेजारी फिरता पंखा असेल, तर ती खोली सरळ नाकारावी.

टांगत्या खाटेचे हूक स्लॅबमध्ये बसवले आहेत की फॉल्स सीलिंगमध्ये, आणि वजनाची मर्यादा किती, हे विचारायला संकोच नको. मालकाला उत्तर माहीत नसेल, तर तेच उत्तर समजावे. बंद कप्प्यांच्या खोलीत बाहेर पडायची वाट एकच असते. खिडकीच्या जाळीला कुलूप असेल, तर किल्ली कुठे आहे ते सामान ठेवण्याआधी पाहावे.

भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी तंबूतला मुक्काम हाही याच हौसेचा भाग. पावसाळ्याआधी काजवे पाहायला मे-जूनमध्ये तिथे झुंबड उडते. तंबूच्या आत शेगडी किंवा कोळसा पेटवणे जीवघेणे ठरू शकते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतल्या माणसाला तो कळत नाही.

नियम काय सांगतात?

केंद्राच्या ‘इन्क्रेडिबल इंडिया’ न्याहारी-निवास योजनेत एका घरात जास्तीत जास्त सहा खोल्या आणि बारा खाटा चालतात, आणि मालकाचे कुटुंब त्याच घरात राहणे आवश्यक असते. किल्ली पेटीत ठेवून चालवलेला रिकामा ‘थीम’ फ्लॅट या व्याख्येत बसत नाही. असा फ्लॅट गृहनिर्माण संस्थेत असेल, तर संस्थेला त्याची कल्पना आहे का, हेही विचारावे. नाहीतर रात्री अकराला पहारेकऱ्याशी हुज्जत पाहुण्याच्या वाट्याला येते.

कराची बाब सोपी आहे. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. मालकाची जीएसटी नोंदणी आवश्यक नसली, तरी ॲपवरून आरक्षण केल्यास हा कर ॲप चालवणाऱ्या कंपनीने भरायचा असतो. त्यामुळे दारात पोहोचल्यावर मालकाने ‘जीएसटी वेगळा द्या’ म्हटले, तर ॲपवरचे बिल दाखवावे.

फसवणूक टाळायची कशी?

शिर्डीत साईबाबा संस्थानच्या साईआश्रम, द्वारावती, भक्तनिवास अशा निवासव्यवस्था आहेत. तिथे थीम नाही, पण पलंग जमिनीवर आहे. त्यांचे आरक्षण फक्त संस्थानच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावे. गुगलवर सापडलेल्या मोबाइल क्रमांकावर ‘खोली मिळेल, निम्मे पैसे आधी पाठवा’ असे सांगून लुबाडण्याचे प्रकार तीर्थक्षेत्रांत सर्रास होतात. पैसे गेले, तर तासाभराच्या आत १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

फोटोतला होडीचा पलंग प्रत्यक्षात साधी खाट निघाली, तर ती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते. आरक्षणाच्या पानाचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत, खोलीत शिरताच स्वतःचेही फोटो काढावेत आणि ॲपवर तक्रार त्याच दिवशी नोंदवावी. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आणि आरक्षणाआधी मालकाला एकच संदेश पाठवावा : ‘आमच्यात सत्तर वर्षांच्या आजी आहेत. खालचा पलंग किती इंच उंच आहे?’