तंत्रिकाविविध दांपत्य : मध्यवयातील दुरावा

पतिपत्नींपैकी एकाची संवेदन, अवधान व सामाजिक आकलन यांची घडण बहुसंख्यांहून उपजत निराळी असल्यास त्यांस तंत्रिकाविविध दांपत्य म्हणतात. स्वमग्नता (ऑटिझम) व अवधानन्यूनता-अतिचंचलता (एडीएचडी) ही या निराळेपणाची प्रमुख रूपे होत.

लिओ कॅनर (१९४३) व हान्स आस्पेर्गर (१९४४) यांनी केलेली स्वमग्नतेची वर्णने बालकांविषयी होती. आस्पेर्गर यांचे कार्य लोर्ना विंग यांच्या १९८१ मधील लेखामुळे सर्वत्र परिचित झाले. साहजिकच भाषा व बुद्धी शाबूत असलेल्या, आज मध्यवयात असणाऱ्या अनेकांचे बालपणी निदान झाले नाही. पुष्कळदा अपत्याच्या तपासणीच्या निमित्तानेच आईला किंवा वडिलांना स्वतःच्या स्वभावाचा उलगडा होतो.

विवाहाच्या प्रारंभीच्या वर्षांत हा भेद झाकला जातो. ठरवून झालेल्या विवाहात कामांची वाटणी परंपरेने ठरलेली असते. अबोल, नेमस्त पती सरळमार्गी गणला जातो, तर पत्नीचा विसराळूपणा सासू व जावा सांभाळून घेतात. रायगड जिल्ह्यातील रसायनी–लोधिवली परिसरासारख्या औद्योगिक पट्ट्यात कारखान्याची पाळीच दिवसाची आखणी करते. पन्नाशीच्या सुमारास हे आधार एकेक करून गळतात : मुले शिक्षणासाठी दूर जातात, वडीलधारी माणसे निवर्ततात, नोकरी संपते. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा रसायनी येथील बहुतेक कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१७ मध्ये झाला. नित्यक्रमावर विसंबणाऱ्या व्यक्तीला अशा बदलाची झळ अधिक बसते. दोघेच उरल्यावर संवादाची उणीव उघडी पडते; अर्थात दुरावा तेव्हा निर्माण होत नाही, तो तेव्हा दिसू लागतो.

ही उणीव एकतर्फी नसते. डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या ‘दुहेरी समानुभूती’च्या कल्पनेनुसार भिन्न घडणीच्या व्यक्तींना परस्परांचे मन ओळखणे सारखेच कठीण जाते. एकाने विश्रांतीसाठी धरलेले मौन दुसऱ्यास राग वाटते. दुसऱ्याचा सूचक उसासा पहिल्यापर्यंत पोहोचतच नाही. पतीचा अर्थ नातलगांना समजावून देण्यात आयुष्य गेलेल्या पत्नीचा थकवा खरा असतो. तसेच चारचौघांसारखे दिसण्यासाठी वर्षानुवर्षे स्वतःला आवरणाऱ्या व्यक्तीचा शीणही खरा असतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या तेराव्या कलमात मानसिक विकार हे घटस्फोटाचे एक कारण असले, तरी केवळ विकाराचे अस्तित्व त्यासाठी पुरेसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने राम नारायण गुप्ता खटल्यात (१९८८) स्पष्ट केले. परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूद १९७६ पासून आहे.

अपेक्षा स्पष्ट शब्दांत सांगणे, बोलण्याची वेळ ठरविणे, एकांताची गरज मान्य करणे व जाणकार समुपदेशकाचे साहाय्य घेणे हे उपाय उपयुक्त ठरतात. निदानामुळे कठोर वर्तन क्षम्य ठरत नाही आणि प्रत्येक संसार सावरतोच असेही नाही; मात्र जी गोष्ट आजवर अनास्था किंवा हट्ट समजली गेली तिचे खरे कारण कळल्यास एकत्र राहण्याचा वा विभक्त होण्याचा निर्णय दोषारोपावाचून घेता येतो.