खेळाडूला पगार नको, पण खर्च घरावर का?

१९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिक भरले. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव यांची निवड झाली, पण जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली. खाशाबा कोल्हापूरच्या ज्या राजाराम कॉलेजात शिकले, तिथले प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

ही गोष्ट आम्ही वर्गात सांगतो तेव्हा मुले टाळ्या वाजवतात. टाळ्या योग्यच आहेत. पण सत्तर वर्षे उलटून गेल्यावरही कॉलेजातल्या खेळाडूचा खर्च कुणाच्या तरी मोठ्या मनावरच चालावा का, याचाही विचार व्हायला हवा.

अमेरिकेत हा वाद फार वर्षे चालला. तिथे कॉलेजांचे फुटबॉल आणि बास्केटबॉलचे सामने टीव्हीवर दाखवले जातात, तिकिटे विकली जातात. कॉलेजे मालामाल होत होती, प्रशिक्षकांना गडगंज पगार मिळत होते आणि मैदानात हाडे मोडून घेणाऱ्या मुलांना फक्त शिष्यवृत्ती. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि जाहिरातींवर कमाई करण्याची मोकळीक मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार कॉलेजे आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी त्याची मर्यादा प्रत्येक कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर अशी ठरली.

मग आपल्याकडेही पगार सुरू करावा का? आम्हाला तसे वाटत नाही. आपल्या आंतरमहाविद्यालयीन कबड्डीला तिकीट नसते आणि टीव्हीही नसतो. जिथे कॉलेजची कमाईच नाही, तिथे वाटा कशातून मागणार? शिवाय पगार सुरू झाला की मुलगा विद्यार्थी राहत नाही, नोकर होतो. आज ठेवला, उद्या काढला.

घाटंजीचा हिशेब

पण पगार नको म्हणजे काहीच नको असे नव्हे. आमच्या घाटंजी तालुक्यात अनेक घरे कापूस आणि सोयाबीनवर, नाहीतर रोजमजुरीवर चालतात. कॉलेजच्या स्पर्धांचा हंगाम आणि कापूस वेचणीचा हंगाम एकाच वेळी येतो. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. मुलगा चार दिवस यवतमाळला किंवा अमरावतीला खेळायला गेला, तर घरात चार दिवसांची मजुरी बुडते. वर बूट, एसटीचे भाडे, बाहेरचे जेवण. दूध, अंडी, केळी यांचा खुराक तर रोजचा. गुडघा दुखावला तर एक्स-रे आणि औषधपाणी अब्बूंच्या खिशातून. विजेतेपदाचा चषक मात्र प्राचार्यांच्या कपाटात राहतो. अशा घरात आई म्हणते, ‘बेटा, खेळ पुरे झाला.’ त्या माऊलीला दोष कसा द्यावा?

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याचा मोबदला द्यावा, ही शिकवण आपल्या घरात लहानपणापासून कानावर पडते. खेळणारा विद्यार्थी मजूर नव्हे, हे खरे. पण ज्याच्या घामाने संस्थेचे नाव होते, त्याला निदान पदरमोड तरी करावी लागू नये.

बक्षीस नंतर, खर्च आधी

सरकार काहीच करत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. दहावी-बारावीला जास्तीत जास्त २५ क्रीडागुण मिळतात. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा आहेत. २०१८ पासून स्पर्धा सुरू झालेल्या ‘खेलो इंडिया’त निवड झालेल्या खेळाडूसाठी वर्षाला ६ लाख २८ हजार रुपयांची मदत ठरली. त्यात हातखर्चाचे महिना १० हजार रुपये थेट त्याच्या खात्यात जमा होतात.

अडचण एवढीच की हे सारे वर पोहोचलेल्यांसाठी आहे. तालुक्यातून जिल्ह्यापर्यंत जाणाऱ्या मुलाला खर्च आज करावा लागतो. बक्षीस मिळालेच तर पुढे कधीतरी. शिवाय सगळा मोबदला एका प्रमाणपत्रावर लटकला की त्या कागदाचाच बाजार होतो. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे आपल्या राज्यात उघडकीस आलीच आहेत. त्यात मार खातो तो खरा खेळाडू.

म्हणून आमची मागणी साधी आहे. कॉलेजच्या संघात निवडलेल्या प्रत्येक मुला-मुलीला प्रवासभाडे आणि जेवणाचा भत्ता जाण्याआधी मिळावा. बूट आणि किट कॉलेजने द्यावे. सरावाच्या महिन्यांत खुराकासाठी ठरावीक रक्कम असावी. दुखापतीचा विमा असावा. आणि मुलींच्या संघासोबत शिक्षिका जावी. कारण आपल्या कित्येक घरांत मुलीचा खेळ पैशाइतकाच या एका गोष्टीवर अडतो.

पालकांनाही दोन शब्द. अहिल्यानगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार २०२३ मध्ये आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय कबड्डी संघात होता. पुढच्याच वर्षी त्याच्या कप्तानीत पुणेरी पलटणने प्रो कबड्डीचे विजेतेपद मिळवले. त्याचे कौतुक जरूर करा, पण आपला प्रत्येक मुलगा अस्लम होईल या आशेवर त्याची पदवी सोडू नका. लीगमध्ये मोजकेच पोहोचतात. बाकीच्यांना मैदानाने शिस्त, तब्येत आणि सोबत पदवी द्यायला हवी.

सुरुवात कुठून करायची? कॉलेजच्या प्रवेशाची पावती काढून पाहा. त्यात बहुधा क्रीडा शुल्क म्हणून एक रक्कम लावलेली असते. ती प्रत्येक विद्यार्थी भरतो, मग तो खेळो वा न खेळो. पालक सभेत उभे राहा आणि अदबीने विचारा, ‘सर, यंदा या पैशातून खेळणाऱ्या मुलांवर किती खर्च झाला?’ हा प्रश्न चार पालकांनी मिळून विचारला तर उत्तर द्यावेच लागेल. खर्डेकर सरांसारखे घर गहाण ठेवा, असे आज कुणालाच सांगायचे नाही. जे पैसे खेळाच्या नावाने घेतले, ते खेळणाऱ्यापर्यंत पोहोचू द्या, एवढेच सांगायचे आहे.