चंचल मुले आणि ताटातील रंग

मूल वर्गात स्वस्थ बसत नाही, की दोष येतो तो आईबापांनी लावलेल्या वळणावर. 1973 साली कॅलिफोर्नियातील डॉ. बेंजामिन फाइनगोल्ड यांनी तो दोष ताटात शोधला. खाद्यपदार्थांतील कृत्रिम रंग व स्वाद काही मुलांना अतिचंचल करतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. असंख्य पालकांनी ते उचलून धरले. चाचण्यांत मात्र त्याला मर्यादितच आधार मिळाला. पुढे 2007 साली साउदॅम्प्टन विद्यापीठाने 297 मुलांना रंगयुक्त आणि रंगविरहित पेये, कोणते कोणते हे कळू न देता, आलटूनपालटून दिली. रंग व सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाने चंचलता सरासरीने किंचित वाढली. सर्वांची सारखी नव्हे. 2010 पासून युरोपीय संघात अशा सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापणे सक्तीचे झाले.

तात्पर्य, पालकांची शंका हा भ्रम नव्हे. पण तो निवाडाही नव्हे. एका वेळी एकच पदार्थ वगळावा, नोंद ठेवावी आणि शिक्षकांना बदल न सांगता त्यांचे मत विचारावे. दूध, गहू मात्र वैद्यकीय सल्ल्याविना बंद करू नयेत. चंचलतेवरील उपाय कुपोषणाचे कारण ठरता कामा नये.