मोटारीची किल्ली उघडताना

किल्ली हा व्यापाऱ्याचा जुना सोबती होय. पेढीचे दार, गोदामाचे दार, तिजोरी आणि देव्हाऱ्यालगतचे कपाट, अशा चार किल्ल्यांचा जुडगा कमरेला असला म्हणजे आमच्या वडिलांच्या पिढीचा व्यापारी निश्चिंत असे. १८९७ साली आर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत कुलपांचा कारखाना काढला, तेव्हापासून चांगल्या कुलपाची ख्याती गावोगाव पसरली. पण कुलूप कोणतेही असो, त्याची किल्ली म्हणजे लोखंडाचा वा पितळेचा एक दातेरी तुकडाच असे. तो झिजे, वाकला तर ठोकून सरळ होई. परंतु तो 'संपला' असे कधी कोणी म्हटल्याचे ऐकिवात नव्हते.

आज मात्र किल्ली संपते. काकतीसारख्या महामार्गालगतच्या गावी, जेथून एका अंगास बेळगावचा बाजार आणि दुसऱ्या अंगास संकेश्वर-निपाणीची पेठ, तेथे मोटारीवाचून घाऊक धान्यव्यापाऱ्याचे पान हलत नाही. आणि त्या मोटारीची किल्ली ही आता एक छोटी यंत्राची डबी झाली आहे. ती डबी उघडून आतील सेल बदलणे ही गोष्ट क्षुल्लक आहे. तरीही त्या क्षुल्लक गोष्टीने प्रस्तुत लेखकाला साठी उलटल्यावर जो धडा शिकविला, तो आपल्या सर्व बंधूंच्या उपयोगी पडावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या वर्षी आषाढ अमावास्येस आम्ही उभयता स्तवनिधीस दर्शनाला गेलो होतो. दर्शन-पूजन आटोपून बाहेर आलो तो दिवस कलला होता. अन्थऊसाठी घरून आणलेला डबा मोटारीत होता आणि सूर्यास्तास अर्धा तास उरला होता. किल्लीचे बटण दाबले, दार उघडेना. पुन्हा दाबले, हात उंच करून दाबले, मोटारीला प्रदक्षिणा घालून दाबले, व्यर्थ! काचेतून डबा दिसत होता आणि तवंदी घाटाच्या डोंगराआड सूर्य उतरत होता. शेजारी टेम्पो लावून उभा असलेला एक तरुण हे कौतुक पाहत होता. तो पुढे येऊन म्हणाला, "काका, सेल संपलाय, किल्ली न्हवं." त्याने डबीच्या कडेची लहानशी कळ सरकविली, तशी आतून एक धातूची चपटी किल्ली निघाली. तिने दार उघडले. मग त्याने ती मृतवत् डबी मोटार सुरू करण्याच्या बटणाला टेकवून धरावयास आणि तिनेच ते बटण दाबावयास सांगितले. यंत्र सुरू झाले! परंतु तोवर सूर्य मावळला होता, आणि डबा जसा गेला तसा घरी परत आला.

आठ वर्षे ही मोटार वापरूनही तिच्या किल्लीच्या पोटात दुसरी किल्ली आहे हे मला ठाऊक नव्हते. मोटारीबरोबर मिळालेले माहितीपुस्तक मी कधी उघडलेच नव्हते. घरी आल्यावर ते काढून वाचले, जाणकारांना विचारले, आणि मग त्या डबीचे अंतरंग ध्यानात आले.

१९८२ साली फ्रान्सच्या रेनो कंपनीने आपल्या फ्युएगो नावाच्या मोटारीस दुरून दार उघडणारी किल्ली दिली. ती अदृश्य अशा अवरक्त प्रकाशाने चाले. आणि पॉल लिपशुट्झ या संशोधकाच्या नावावरून तिला 'प्लिप' म्हणत. त्यानंतर वर्षभराने, १४ डिसेंबर १९८३ रोजी, आपल्याकडे पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकास देण्यात आली. ती मात्र साधी धातूची होती. आज लहान मोटारींनाही बटणांची डबी येते, आणि ती प्रकाशाऐवजी रेडिओ-लहरींनी बोलते. आपल्याकडील पुष्कळ किल्ल्यांच्या लहरी सेकंदाला सुमारे ४३ कोटी कंपने पावणाऱ्या असतात.

या डबीत तीन निरनिराळ्या वस्तू नांदतात, हे नीट समजून घेतले पाहिजे. पहिली म्हणजे संदेश पाठविणारी सर्किटची पट्टी. बटण दाबताच ती मोटारीस एक सांकेतिक आकडा पाठविते, आणि तो आकडा दर वेळी बदलतो. एकदा वटलेली हुंडी जशी पुन्हा वटत नाही, तसा एकदा वापरलेला आकडा मोटार पुन्हा स्वीकारीत नाही. म्हणून चोराने तो हवेतून टिपला तरी त्याच्या हाती खोका हुंडीच लागते. दुसरी वस्तू म्हणजे ट्रान्सपाँडर नावाची सूक्ष्म चकती. तिला सेलची गरज नसते. मोटारीतील तारेच्या वेटोळ्यातून तिला जवळून शक्ती मिळते, ती आपली ओळख सांगते, आणि ओळख पटली तरच यंत्र सुरू होते. स्तवनिधीस सेल संपूनही मोटार चालू झाली, ती हिच्या कृपेने. तिसरी वस्तू म्हणजे ती धातूची किल्ली, आपल्या वाडवडिलांच्या ओळखीची.

या तिन्हींपैकी वरचेवर संपणारा असा केवळ पहिलीचा सेल. दार उघडण्यास मोटारीच्या अगदी जवळ जावे लागू लागले, किंवा बटण दोनदा-तीनदा दाबावे लागले, म्हणजे सेल क्षीण झाला असे समजावे आणि अमावास्येची वाट न पाहता तो बदलावा. हा सेल बहुधा चपट्या नाण्यासारखा, लिथियमचा आणि तीन व्होल्टचा असतो. त्याच्या पाठीवर सीआर २०३२ असे काहीसे कोरलेले असते. त्यातील वीस म्हणजे वीस मिलिमीटर व्यास आणि बत्तीस म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. २०२५ क्रमांकाचा सेल तेवढ्याच व्यासाचा, परंतु २.५ मिलिमीटर जाडीचा असतो. तो २०३२ च्या जागी बसविला तर सैल राहतो आणि किल्ली कधी चालते, कधी चालत नाही. म्हणून जुना सेल काढून त्यावरील आकडा वाचल्यावाचून नवा आणू नये.

एका दुकानी मला सांगण्यात आले की सबंध किल्लीच बदलावी लागेल, आणि त्याचा जो खर्च सांगितला तो ऐकून मी परत फिरलो. शंभर रुपयांच्या आतल्या सेलने जे काम होते त्यासाठी हजारो रुपये मोजण्याचे कारण नव्हते. तथापि त्या रागाच्या भरात मी जे केले, ते अधिकच चुकीचे होते. पोत्याची सुतळी कापण्याची सुरी घेतली, डबीच्या सांध्यात खुपसली आणि जोराने पिळली. डबीचे एक दातकूट मोडले आणि सुरी निसटून अंगठ्यास लागली.

योग्य रीत अशी. दिवसाच्या उजेडात, ताटात पांढरे फडके पसरून बसावे. प्रथम आतील धातूची किल्ली काढून घ्यावी. तिच्या खाचेपाशीच बहुधा डबी उघडण्याचे ठिकाण असते. स्क्रू-ड्रायव्हरचे चपटे टोक फडक्यात गुंडाळून तेथे घालावे आणि हलकेच फिरवावे. बटणांच्या रबरावर जोर देऊ नये. एका बाजूने सांधा सुटला की बोटांनी सावकाश उकलावे. उघडताच मोबाइलने एक छायाचित्र घ्यावे. कोणती बाजू वर होती याविषयी मागाहून वाद राहत नाही. ज्या बाजूस अधिकाचे चिन्ह आहे ती धन बाजू. सेल काढताना लाकडी वा प्लॅस्टिकची काडी वापरावी, आणि ज्या पातळ पत्र्यांवर तो बसतो ते वाकू देऊ नयेत. नवा सेल कडेला धरून बसवावा. मुलांनी तोंडात घालू नये म्हणून काही सेलवर कडू लेप दिलेला असतो; त्यामुळे क्वचित वीजस्पर्श नीट होत नाही, तेव्हा कोरड्या फडक्याने पुसून पाहावे किंवा लेपाविना असलेला सेल आणावा. पाणी रोखणारी रबरी कडी जागेवर बसवून डबी दाबावी. चट् असा आवाज आला की काम झाले. जुन्या घडीच्या किल्ल्यांत ट्रान्सपाँडरचा सुटा, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा तुकडा कवचात बसविलेला असतो. तो केरात गेला तर दार उघडेल, पण मोटार सुरू होणार नाही, हे ध्यानी असावे.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. अंगठ्याला पट्टी बांधून मी नवा सेल बसविला, किल्ली चालली. त्या आनंदात जुना सेल उचलून बैठकीवरच्या सुट्या नाण्यांच्या वाटीत टाकला. तो होताही नाण्याएवढाच. त्या वाटीशी खेळणे हा माझ्या दोन वर्षांच्या नातवाचा नित्याचा उद्योग. त्या सायंकाळी मी हिशेब लिहीत होतो, आणि तो वाटीपाशी बसला होता. सूनबाईंची हाक ऐकून मी मान वर केली, तो त्यांनी बाळाच्या तोंडात बोट घालून काहीतरी चकाकणारे बाहेर काढले होते. तो सेल होता. आणखी काही गिळले नसेल ना, या शंकेने आम्ही तत्काळ बेळगावास रुग्णालयात गेलो. क्ष-किरणाचे चित्र स्वच्छ निघाले. परंतु डॉक्टरांनी जे सांगितले त्याने माझी झोप उडाली.

मी म्हणालो, "सेल तर संपलेलाच होता." ते म्हणाले, "किल्लीच्या कामापुरता संपला होता. बाळाला जाळण्यापुरता शिल्लक होता." अशा सेलमध्ये दोन व्होल्टांहून अधिक दाब उरलेला असतो. वीस मिलिमीटरची चकती लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमकी अडकते. तेथील ओलाव्यामुळे वीज वाहू लागते आणि ऋण बाजूपाशी कॉस्टिक सोड्यासारखा दाहक क्षार तयार होतो. दोन तासांत अन्ननलिकेस गंभीर भाजणे होऊ शकते, आणि पुढे भोकही पडू शकते. मूल प्रारंभी रडेलच असे नाही. लाळ गळणे, खोकला, जेवण नाकारणे अशी साधी लक्षणे दिसतात आणि वेळ निघून जातो. अमेरिकेत टेक्सास प्रांतातील रीस हॅम्समिथ ही दीड वर्षाची बालिका डिसेंबर २०२० मध्ये अशाच एका सेलमुळे दगावली. तिच्या मातेने पाठपुरावा केला, आणि २०२२ साली तेथे त्या बालिकेच्या नावाचा कायदा झाला. त्याअन्वये असे सेल असणाऱ्या वस्तूंची झाकणे मुलांना सहज उघडता येऊ नयेत असे बंधन आले.

सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी क्ष-किरणाची सोय असलेल्या रुग्णालयात धाव घ्यावी. ओकारी काढू नये, खाऊ-पिऊ घालू नये. याला एक अपवाद तिकडील विषबाधा-तज्ज्ञ सांगतात : मूल एक वर्षाहून मोठे असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन लहान चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा, द्यावा, त्याने दाह मंदावतो. मात्र मध शोधण्यात क्षणही दवडू नये. आपल्या घरांत मद्य-मांस-मधूचा त्याग मूलगुणांत मोडतो, तेव्हा हा प्रश्न आमच्या घरीही निघाला. माझ्या पत्नीने एका वाक्यात निकाल दिला : "व्रत आपण घेतले आहे, बाळाने नव्हे." यावर कोणास अधिक विचार करावयाचा असेल त्याने तो आजच करून ठेवावा, प्रसंग आल्यावर विचाराला वेळ नसतो.

पाच समितींपैकी आदाननिक्षेपण ही एक. वस्तू उचलताना आणि ठेवताना कोणत्याही जीवास इजा होणार नाही अशी दक्षता, असा तिचा अर्थ. मुनिमहाराज पिंछीने जागा झाडूनच कमंडलू ठेवतात, हे आपण बालपणापासून पाहत आलो. तो आचार मुनींचा, आपला त्याच्याशी संबंध काय, असे मी समजत होतो. त्या वाटीत सेल टाकताना माझ्या मनात हिंसेचा लवलेश नव्हता. होता तो केवळ प्रमाद. आणि प्रमादालाच शास्त्राने हिंसेचे मूळ म्हटले आहे. डबी उघडण्याचे कौशल्य कोणीही अर्ध्या तासात शिकेल. उचललेली वस्तू कोठे ठेवली याचे भान ठेवण्यास मला चौसष्ट वर्षे लागली.

उत्सर्ग समिती, म्हणजे टाकून देण्यातील विवेक, हीही येथे लागू पडते. जुना सेल काढताच त्याच्या दोन्ही तोंडांवर चिकटपट्टी लावावी, म्हणजे दुसऱ्या धातूशी स्पर्श होऊन तो तापत नाही. मग झाकणाच्या डबीत घालून उंच, कुलूपबंद जागी ठेवावा. केरात टाकू नये, शेतात फेकू नये. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेले सेल गोळा करून त्यांवर प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हा ते संकलन करणाऱ्याकडेच द्यावेत. आमच्या पेढीत आता त्यासाठी एक डबा ठेवला आहे, आणि शेजारच्या दुकानांतील घड्याळांचे, वजनकाट्यांचे, रिमोटचे सेलही त्यात जमा होतात. आपल्या संघाने प्रत्येक बाजारपेठेत असा एक डबा ठेवला, तर अल्प खर्चात मोठे अभयदान घडेल, अशी नम्र सूचना करून हा लेख पुरा करतो.

नाण्यांची ती वाटी मात्र अजून बैठकीवरच असते. नातू येऊन बसण्यापूर्वी मी तीतील एकेक नाणे उलटून पाहतो.

जय जिनेंद्र.