लोणार-शेगाव-सिंदखेडराजा : पाच माणसं, तीन दिवस आणि खाण्याचा खर्च दोन हजार

दिवाळी झाली की पोरं मागे लागतात, "कुठंतरी चला ना." सोयाबीन एक तर विकून झालेलं असतं, नाही तर भावाची वाट बघत घरात पडलेलं असतं. कापूस अजून वेचायचा असतो. हातात पैसा मोजका, त्यामुळं बहुतेक घरांत "पुढच्या वर्षी बघू" म्हणून विषय संपतो. पण खरं सांगायचं तर आपल्यासारख्या घराची सहल एसटीच्या तिकिटामुळं अडत नाही, ती अडते हॉटेलच्या बिलामुळं. म्हणून आज बोलू खाण्याच्या खर्चावर.

उदाहरणाला आपल्या जालना जिल्ह्यातल्या मंठा, परतूर भागातलं घर घेऊ. आई, वडील, ६८ वर्षांची आजी, १० वर्षांची मुलगी आणि ८ वर्षांचा मुलगा. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात तीन दिवसांचा फेरा : मंठ्याहून लोणार, तिथून मेहकर-खामगावमार्गे शेगाव, आणि येताना चिखली, देऊळगावराजा, सिंदखेडराजा करत जालना.

आधी तिकिटाचं बघून घ्या

महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, मार्च २०२३ पासून. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, ७५ च्या पुढं मोफत. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं. म्हणजे आपल्या या घरात फक्त वडिलांचं तिकीट पूर्ण, बाकी चौघांचं अर्धं. पाच माणसं तीन तिकिटांत जातात. आजीचं आधार कार्ड पिशवीच्या तळाशी नको, हाताशी ठेवा. सवलतीला आता नेमकं कोणतं कार्ड चालतं ते निघायच्या आधी आगारात विचारून घ्या. "आवडेल तेथे प्रवास" हा पास चांगला आहे, पण एवढ्या जवळच्या फेऱ्याला आणि घरात इतकी अर्धी तिकिटं असताना तो सहसा परवडत नाही. हिशेब करूनच घ्या.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निघू नका. माहेरवाशिणींच्या गर्दीत आजीला उभं राहून जावं लागेल. दोन-तीन दिवस थांबा. शेगावला गुरुवार, रविवार आणि एकादशी टाळली तर अजून बरं.

हॉटेलात पैसा जातो तरी किती?

समजा, सगळं बाहेरच खाल्लं. सकाळचा नाष्टा माणशी ४० धरला तर २०० रुपये. दोन वेळचं जेवण माणशी १३० प्रमाणं १,३००. मोठ्यांचा दोन वेळचा चहा ६०. पाण्याच्या चार बाटल्या ८०. पोरांचे कुरकुरे, बिस्किटं, थंड पेय १००. एका दिवसाचे झाले १,७४०. तीन दिवसांचे ५,२२०. आणि हे साध्या थाळीचं गणित आहे, पनीर-बिनीर यात नाही.

आता दुसरी बाजू. घरून नेलेलं खाणं (दूध, तेल, शेंगदाणे धरून) ६००. बाहेरचा चहा २००. केळी, दही, काकडी २५०. शेगावची कचोरी २००. एक वेळ हॉटेलात जेवण ६५०. दानपेटीत १००. झाले २,०००. भाव गावागावाला थोडे इकडं-तिकडं होतील, पण वाचणारी रक्कम तीन हजारांच्या आसपास राहते. त्यात तिकिटं आणि खोली यांचा बराचसा भार निघतो.

मात्र ही बचत कोणाच्या जिवावर होते तेही बघायला पाहिजे. आमच्याच घरचं सांगतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा तीन दिवसांचा स्वयंपाक बांधून घ्यायचा म्हणून बायको रात्री एकपर्यंत चुलीपुढं होती. पहाटेच्या गाडीत बसली आणि लोणार येईपर्यंत झोपली. विवर बघायला उतरली तेव्हा डोळे लाल. पैसे वाचले, पण तिची सहल झाली का? त्यानंतर घरात ठरलं : निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सातच्या पुढं चूल पेटवायची नाही. शेंगदाणे भाजणं-सोलणं पोरांकडं, चटणी कुटणं आणि डबे भरणं माझ्याकडं.

काय न्यायचं, कधी संपवायचं

दिवाळीत एक सोय आपोआप होते. फराळाचे डबे भरलेलेच असतात. पोह्यांचा चिवडा, शंकरपाळी, बेसनाचे लाडू हे कोरडे पदार्थ तीन दिवस आरामात राहतात. पण नुसत्या फराळावर तीन दिवस काढायचे म्हणाल तर पोरांची पोटं बिघडतात, मोठ्यांना पित्त होतं आणि तेलकट-तिखटानं पाणी जास्त लागतं. फराळ हा मधल्या वेळचा. जेवणाला भाकरी-पोळीच पाहिजे.

पहिल्या दिवशी दुपारी : पोळ्या आणि बटाट्याची कोरडी भाजी. भाजीत कांदा, टोमॅटो, ओलं खोबरं घालू नका, लवकर उतरते. सकाळी केलेली भाजी दुपारी दोनच्या आत संपवा. उरली तर "संध्याकाळी खाऊ" म्हणून ठेवू नका. झाकण काढल्यावर आंबूस वास आला किंवा भाजीला तार सुटली तर कशाचा विचार न करता टाकून द्या. वीस रुपयांच्या भाजीसाठी दवाखान्यात पाचशे घालवलेली माणसं बघितली आहेत.

दुसऱ्या दिवसासाठी दशम्या. आजीला विचारा, तिला बरोबर माहीत असतं. पीठ पाण्यात नाही, दुधात भिजवायचं. ज्वारीचं किंवा गव्हाचं, चवीला थोडा गूळ चालतो. नीट भाजलेली दशमी या दिवसांत दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. सोबत तिखट पुऱ्या : कणकेत थोडं बेसन, तिखट, ओवा, तीळ आणि कडकडीत तेलाचं मोहन. धपाटे सगळ्यांना आवडतात, पण त्यात मेथी, कोथिंबीर, कांदा असा ओलावा असतो. ते पहिल्याच दिवशी संपवायचे.

तोंडी लावायला शेंगदाण्याची, कारळाची नाही तर जवसाची कोरडी चटणी. यात पाण्याचा हात लागला नाही तर तिला काही होत नाही. लोणच्याची बरणी नेऊ नका, पिशवीत सांडली की सगळे कपडे गेले. चार फोडी छोट्या डबीत पुरतात.

सगळ्यात जास्त चूक होते ती बांधण्यात. गरम पोळ्या-दशम्या लगेच डब्यात कोंबल्या की वाफ धरते, झाकणाला पाणी सुटतं आणि खालच्या दशम्या चिकट होतात. सुती धडप्यावर पसरून पूर्ण गार होऊ द्या, मग कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात. प्लास्टिकच्या पिशवीत नको. एका दिवसाचं एक गाठोडं असं वेगळं बांधा. एकच मोठा डबा असला की दहा वेळा उघडला जातो, दहा हात लागतात.

पाण्यासाठी पाच लिटरचा कॅन घरूनच भरून न्या. बसस्थानकावर घ्यायची वेळ आली तर एसटीचं "नाथजल" मिळतं. बाटलीवरची छापील किंमत वाचा आणि तेवढेच पैसे द्या.

लोणार : पाणी समोर, पण पिण्याचं नाही

लोणारचं सरोवर उल्का आदळून झालेलं आहे, तेही आपल्या काळ्या बेसॉल्ट खडकात. विवराची रुंदी साधारण १.८ किलोमीटर. पाणी खारं आणि क्षारांनी भरलेलं, त्यामुळं त्यात हात धुणं-डबे धुणं तर नकोच, ते क्षेत्र अभयारण्य आहे. जून २०२० मध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं, तुम्ही मोबाईलवर फोटो बघितले असतील. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. मुलांना हे आधी सांगून न्या, मग ती नुसतं "तळं बघितलं" म्हणणार नाहीत.

विवराच्या काठावर डबे उघडू नका. माकडं आहेत आणि ती डबा ओळखतात. आजीला खाली उतरवायचा आग्रहही नको, वर चढताना दम लागतो. तिला गावातलं दैत्यसूदन मंदिर दाखवा. त्यावरचं दगडी काम बघण्यात तासभर कसा जातो कळत नाही. मग गावात सावली बघून जेवा, खरकटं आणि कागद परत पिशवीत घ्या. दुपारीच पुढची गाडी धरा. मेहकर आणि खामगावला गाड्या बदलाव्या लागू शकतात, रात्र करू नका.

शेगाव

इथं दोन मुक्काम. गजानन महाराज संस्थानच्या भक्तनिवासात खोल्या स्वस्त आणि स्वच्छ असतात, पण सुट्टीत भरून जातात. खोली मिळेलच असं धरून चालू नका, जेवढं लवकर पोहोचाल तेवढं चांगलं.

संस्थानचा महाप्रसाद मोफत असतो. तीन दिवसांतली दोन जेवणं इथं होतात, म्हणून आपलं गणित बसतं. वेळ पोहोचल्याबरोबर विचारून घ्या. पहिल्या रात्री उशीर झाला तर दशमी आणि गूळ आहेच. एक गोष्ट मात्र मनाला लावून घ्या : ते फुकटचं हॉटेल नाही. पोरांच्या ताटात आधी थोडं वाढून घ्या, टाकू देऊ नका, आणि निघताना दानपेटीत जमेल ते टाका. आपण धरलेले शंभर रुपये त्याचेच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कचोरी. शेगावला जाऊन कचोरी न खाता आलो असं पोरांनी शाळेत सांगायचं का? खर्च आधीच धरला आहे, तेव्हा खाताना भाव विचारून तोंड वाकडं करू नका. मी तर म्हणतो, हे दोनशे रुपये पोरीच्या हातात द्या आणि तिलाच हिशेब करू द्या. किती घ्यायच्या, चहा बसतो का, उरले किती. आमच्या पोरीनं असे पैसे हातात आल्यावर कुरकुऱ्यांचं नावही काढलं नव्हतं.

तिसरा दिवस हॉटेलचा

तिसऱ्या दिवशी सकाळी चिवडा, केळी आणि चहा. दशम्या आता संपल्या पाहिजेत, उरलेल्या ओढूनताणून खाऊ नका. म्हणूनच हॉटेलचं जेवण तिसऱ्या दिवशी दुपारी ठेवलं आहे. पहिल्या दिवशीच हॉटेलात शिरलो तर डब्यातलं वाया जातं.

पाच थाळ्या मागवू नका. लहान पोरं अर्धी थाळी टाकतात. दोन भाज्या, मोजून पोळ्या, एक भात आणि ताक, असं पाच जणांत पुरतं. बसायच्या आधी भाव विचारायला लाजायचं काय? जादा पोळीचे किती, कांदा-लिंबाचे वेगळे लावता का, हे आधीच विचारा. आणि भाजी कोणती हे त्या घरच्या बाईला ठरवू द्या. वर्षभर ती दुसऱ्यांच्या आवडीचं करते.

सिंदखेडराजाला लखुजी जाधवांचा राजवाडा आहे. जिजाऊंचा जन्म इथलाच, १२ जानेवारी १५९८ चा. लखुजींची समाधीही बघून घ्या. जालन्याला जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा उतरल्याबरोबर स्थानकावर विचारा, मग फिरा.

आता शेवटची जागा, जिथं ठरलेला हिशेब मोडतो. ती म्हणजे परतीची रात्र. जालन्याच्या स्थानकावर सगळे दमलेले, घरी जाऊन चूल पेटवायची कोणाची इच्छा नसते आणि मग तिथंच पाच-सातशे रुपये जातात. त्यासाठी निघायच्या आधीच खिचडीचे डाळ-तांदूळ मोजून डब्यात घरी ठेवा. आल्यावर कोणीही, म्हणजे बापानं सुद्धा, धुऊन कुकरला लावायचे. तीन शिट्ट्या होईपर्यंत पोरं झोपली नाहीत म्हणजे झालं.